गाळ कुठून आला, कुठे गेला?

मे महिन्यात महाराष्ट्रात एकच काम तीन ठिकाणी चाललेले दिसते. मुंबईत नाल्याच्या काठावर उभे राहून पोकलेन काळा चिखल डंपरमध्ये भरत असतात. बीड-जालन्याकडे आटलेल्या पाझर तलावांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. आणि न्हावा-शेव्याच्या बंदराला दिवसरात्र चिंता असते ती बोटींच्या वाटेत पुन्हा चढत जाणाऱ्या तळाची. पालिका त्याला नालेसफाई म्हणते, मृद व जलसंधारण खाते गाळ काढणे म्हणते, बंदराच्या निविदेत ड्रेजिंग लिहिलेले असते. पाण्याखाली साचलेला गाळ, वाळू किंवा खडक उचलून दुसरीकडे नेणे, हेच तिन्हीकडचे काम. जलवाहतूक, पूरनियंत्रण, सिंचन, भराव घालून जमीन तयार करणे, विषारी नदी साफ करणे, खचलेला किनारा सावरणे, अशा अनेक गोष्टी या एका कामावर उभ्या आहेत.

या कामाची एक अडचण आहे. रस्ता झाला की दिसतो, पूल झाला की दिसतो. पाण्याखाली किती खोदले हे मात्र काठावरच्या माणसाला कधीच दिसत नाही, आणि एका पावसाळ्यात सगळे पूर्ववत होऊ शकते. त्यामुळे या खर्चाकडे बघताना किती टन गाळ काढला हा आकडा पुरत नाही. गाळ कुठून आला, किती खोलवर काढायचा हे कुणी आणि कसे ठरवले, आणि काढलेला गाळ शेवटी कुठे गेला, ही तीन उत्तरे मिळाली तरच काम झाले असे म्हणता येते. बंदरापासून बांधापर्यंतचा हा आढावा त्याच तीन प्रश्नांच्या आधारे घेतला आहे.

यंत्रे आणि त्यांचा स्वभाव

बंदरात मोठे काम करणारे जहाज म्हणजे सक्शन हॉपर ड्रेजर. ते अगदी संथ चालत राहते. बाजूने एक जाड नळ तळापर्यंत सोडलेला असतो, त्याच्या टोकाचे लोखंडी तोंड तळावरून घासत जाते आणि पंप पाण्यासकट गाळ ओढून जहाजाच्या पोटातल्या हौदात टाकतो. जड वाळू हौदात खाली बसते, वरचे गढूळ पाणी परत समुद्रात सांडते. हौद भरला की नळ वर घ्यायचा, नेमून दिलेल्या जागी जायचे, जहाजाच्या तळाची दारे उघडायची, गाळ खाली सोडायचा आणि परत यायचे. अशा फेऱ्या अहोरात्र चालतात. वाळू भरावासाठी हवी असेल तर हेच जहाज किनाऱ्याजवळ येऊन तिचा उंच फवारा मारते.

तळ कठीण असेल तिथे कटर सक्शन ड्रेजर लागतो. तो मागच्या बाजूने जाड खांब तळात रोवून उभा राहतो, तारांच्या ओढीने डावीकडे-उजवीकडे झुलतो आणि पुढचे दातेरी फिरते डोके खडक फोडत जाते. फोडलेला माल पाइपलाइनने किनाऱ्यावर जातो. गोदीच्या भिंतीलगत किंवा अरुंद जागी तराफ्यावर बसवलेला पोकलेन किंवा जबड्यासारखा ग्रॅब पुरतो. जगातली अनेक मोठी कामे नेदरलँड्सच्या बॉस्कालिस व व्हॅन ऊर्ड आणि बेल्जियमच्या यान दे नूल व डेमे या चार कंपन्यांकडे जातात. समुद्राशी झगडूनच ज्यांनी जमीन राखली, त्या प्रदेशातून ही विद्या जगभर गेली. भारतात १९७६ मध्ये ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे मुख्यालय विशाखापट्टणमला आहे.

ही यंत्रे नव्हती तेव्हा माणसेच गाळ उपसत. सुएझ कालव्याचे सुरुवातीचे खोदकाम इजिप्तच्या वेठबिगारांनी केले. १८६० च्या दशकात वेठ बंद झाल्यावर वाफेवरचे ड्रेजर आले, उरलेल्या खोदाईचा मोठा भाग त्यांनी उचलला आणि १८६९ मध्ये कालवा खुला झाला. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज त्याच कालव्यात आडवे रुतले, तेव्हाही त्याच्या नाकाखालची वाळू काढायला ‘मशहूर’ नावाचा ड्रेजरच धावून आला. ड्रेजर, टगबोटी आणि भरतीचे पाणी यांच्या जोरावर सहा दिवसांनी जहाज हलले.

बंदरे: एकदाची खोदाई आणि कायमची देखभाल

बंदरातल्या ड्रेजिंगचे दोन प्रकार आहेत. नवी खोली निर्माण करणारी ती भांडवली खोदाई आणि मिळवलेली खोली टिकवणारी ती देखभालीची. पहिलीचे उद्घाटन होते, बातमी होते. दुसरी दरवर्षी करावी लागते आणि तिच्यावरच बंदर जगते. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. कंटेनर जहाजे मोठी होत गेली, तसा त्याचा जलमार्ग आधी १४ मीटर आणि मग १५ मीटर बुडीच्या जहाजांसाठी खोल करावा लागला. पण मुंबईच्या खाडीत बारीक चिखल भरती-ओहोटीबरोबर सतत ये-जा करतो. शांत पाण्यात खणलेला खोल चर त्याला बसायला आयती जागा देतो. तळ जितका जास्त खणावा, तितका तो भरण्याचा वेगही वाढतो. म्हणून खोली वाढवण्याचा निर्णय घेताना पुढच्या प्रत्येक वर्षाचा खर्चही त्याच दिवशी मान्य करावा लागतो.

हा हिशेब आधी मांडण्याची मोठी परंपरा पुण्याजवळ आहे. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून काम करते. बंदरांच्या आणि नद्यांच्या लहान प्रतिकृती तिथे बांधतात, त्यांत भरती-ओहोटी खेळवतात, आता त्याच्या जोडीला संगणकीय गणित करतात, आणि कुठे बांध घातला तर गाळ कुठे सरकेल हे आधी तपासतात. प्रत्यक्ष खोदाईच्या तुलनेत अशा अभ्यासाचा खर्च नगण्य असतो.

गाळाचा उगम न पाहता केलेला उपाय कुठे नेतो, याचे मोठे उदाहरण हुगळीवर आहे. कोलकाता बंदर समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत, नदीवर आहे. हुगळी गाळाने भरत चालली म्हणून गंगेवर फरक्का बंधारा बांधला. गंगेचे ४० हजार क्युसेक पाणी हुगळीत वळवायचे, त्या प्रवाहाने गाळ आपोआप वाहून जाईल, ही कल्पना. बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. हुगळीत पाणी आले, पण ड्रेजिंग थांबले नाही आणि मोठी जहाजे खालच्या हल्दियाकडे वळली. दुसरीकडे बंधाऱ्याच्या वर गंगेच्या पात्रात गाळ साचू लागला आणि बिहारमध्ये पुराचे पाणी लवकर ओसरत नाही अशी तक्रार उभी राहिली. एका ठिकाणचा उपसा कमी करण्यासाठी बांधलेल्या वास्तूने दुसऱ्या ठिकाणी उपशाची मागणी निर्माण केली.

मोजणी: तळ कुठे सुरू होतो?

ड्रेजिंगचे बिल घनमीटरवर निघते. काम सुरू होण्याआधी बोटीतून ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा काढतात, काम संपल्यावर पुन्हा काढतात, आणि दोन नकाशांमधला फरक म्हणजे केलेले काम. ऐकायला सोपे वाटते, पण चिखलाच्या बंदरात तळच निश्चित नसतो. वरचे पाणी हळूहळू दाट होत जाते, मग पातळ लापशीसारखा चिखल लागतो आणि त्याखाली घट्ट माती. ध्वनिलहर यांपैकी कुठून परत आली त्यावर खोली ठरते. रॉटरडॅम बंदराने यावर नियमच केला. घनमीटरला १.२ टन घनतेपर्यंतच्या चिखलातून जहाज सुरक्षित जाऊ शकते, म्हणून त्या घनतेची पातळी म्हणजे जहाजापुरता तळ. त्यामुळे अनावश्यक उपसा वाचला. मोजण्याची रीत बदलली की खर्च बदलतो, तो असा.

मोजणी सुटली की काय होते हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅक बेमध्ये भराव घालण्याची प्रचंड योजना हाती घेतली गेली. मुंबई बंदराच्या तळाचा चिखल ड्रेजरने उपसायचा आणि पाइपलाइनने पश्चिमेच्या भिंतीआड सोडायचा, असा बेत होता. ड्रेजरलाही लॉइडसाहेबांचेच नाव दिले होते. पण उपसा अंदाजापेक्षा फार कमी झाला, तळाची माती भरावाला हवी तशी नव्हती आणि भिंतीतून चिखल झिरपून परत समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगत गेला. खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर जाहीर आरोप केले. एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, पण नरिमन निर्दोष सुटले. नियोजित आठ भागांपैकी चारच पुरे झाले. त्यांतल्या दोन भागांतून पुढे मरीन ड्राइव्हचा परिसर उभा राहिला. पाण्याखालच्या कामाचा हिशेब मागणाऱ्या त्या माणसाचे नाव आज नरिमन पॉइंटला आहे.

शहरे: नाल्यातला गाळ, कागदावरचा गाळ

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचे अस्तित्व मुंबईला कळले. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत ती जेमतेम १८ किलोमीटर वाहते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, काटकोनात वळवली जाते, आणि तिच्या मुखाशी खारफुटीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. या पुराची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष माधव चितळे होते. जलव्यवस्थापनातल्या कार्यासाठी १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले हे मराठी अभियंते या विषयात पुढे पुन्हा एकदा भेटतील.

तेव्हापासून मिठीतून दरवर्षी गाळ निघतो आहे. हा गाळ नुसती माती नाही. त्यात बांधकामाचा राडारोडा आहे, प्लास्टिक आहे, गटारांचे आणि छोट्या कारखान्यांचे सांडपाणी आहे. हे सगळे वरून येतच राहणार असेल तर मेमधली नालेसफाई पुढच्या मेपर्यंतच पुरणार.

नाल्यावरचे काम जवळून पाहिले तर गडबड कुठे होऊ शकते ते कळते. पोकलेन चिखल काढून आधी काठावर टाकतो, पाणी निथळू देतो. मग डंपर भरतो, वजनकाट्यावर जातो, पावती फाडली जाते आणि गाळ शहराबाहेरच्या जागेवर रवाना होतो. बिल टनावर निघत असल्याने न निथळलेला चिखल भरला तर पाण्याचेही पैसे मिळतात. राडारोडा मिसळला तर वजन वाढते. एकच डंपर दोनदा काट्यावर आला तर फेरी वाढते. आणि गाळ टाकण्याची जागाच कागदावर असली तर? २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशातल्या सुमारे ६५ कोटी रुपयांच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. गाळ टाकण्याच्या जागांसाठी दाखवलेले करारनामे बनावट असल्याचा आरोप त्यात आहे. न्यायालयात काय सिद्ध व्हायचे ते होईल. पण संशय नेमका ‘गाळ कुठे गेला’ या प्रश्नापाशी यावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. फोटो, सीसीटीव्ही, जीपीएस यांचा उपयोग आहेच. मात्र नाल्याचा तळ आधी आणि नंतर मोजून बिल काढले तर डंपरच्या फेऱ्या मोजण्याची गरजच उरणार नाही.

नद्या: पुराला जागा की पात्राला खोली?

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा, या मागणीसाठी चिपळूणकर डिसेंबरमध्ये साखळी उपोषणाला बसले. शासनाची यंत्रणा आली, नाम फाउंडेशनची यंत्रे आली, गाळाचे डोंगर काठावर आले. नागरिकांनी पाठपुरावा करून सरकारला कामाला लावल्याचे हे उदाहरण आदर वाटावा असे आहे. तरीही वाशिष्ठीचे गणित एकट्या गाळाचे नाही. सह्याद्रीच्या उतारावरचा तुफान पाऊस, दरडी आणि तोडलेली झाडे, कोयनेच्या वीजप्रकल्पातून खाली येणारे पाणी, दाभोळच्या खाडीतून वर चढणारी भरती आणि पात्राला खेटून वाढलेले शहर, हे सगळे त्यात आहे. भरतीच्या वेळी समुद्रच पाणी अडवत असेल तर खालचे पात्र कितीही खोल केले तरी पुराची उंची त्या प्रमाणात उतरत नाही. गाळ काढला पाहिजेच, पण त्याने पूररेषा मागे गेली असे समजून तिथे नवी इमारत बांधली तर पुढचा पूर जास्त महाग पडेल.

गंगेच्या बाबतीत हाच प्रश्न २०१६ मध्ये चितळे यांच्यासमोर आला. भीमगोडा ते फरक्का या टप्प्यात गाळ कसा काढावा, यासाठी नेमलेल्या समितीचेही तेच अध्यक्ष होते. सरसकट उपसा करू नये, नदी स्वतःच गाळ आणते, पसरवते आणि पुढे नेते, तिला पूरमैदान मोकळे द्यावे, आणि जिथे काढायचा तिथे आधी गाळाचा ताळेबंद मांडावा, अशी समितीची दिशा होती. वाळूसाठी खोल खड्डे पाडले तर काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात, शेजारच्या विहिरी खाली जातात, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक नदीकाठाला माहीत आहे.

किती खोल काढायचे याचे उत्तर चीनमधल्या दुजियांगयान येथे फार जुने आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातली ही सिंचनव्यवस्था आजही चालू आहे. पात्राचा तळ ठरवून दिलेल्या पातळीवर लोखंडी गज पुरून ठेवले आहेत. दरवर्षी पाणी वळवून गाळ काढताना ते गज दिसले की खोदाई थांबवायची. त्याहून कमी नको आणि जास्तही नको. आपल्या गावतळ्यालाही अशी एक पक्की खूण सहज करता येईल.

धरणे: शिवारात परतणारी माती

गाळाचा सर्वांत समाधानकारक प्रवास तलावातून शेतात होणारा आहे, कारण तिथे तो आपल्या मूळ घरी जातो. पावसाने वरच्या शेतांतून धुऊन आणलेली ही सुपीक मातीच असते. राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली आणि २०२३ पासून ती नव्याने राबवली. यंत्राच्या इंधनाला निधी आणि लहान शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी अनुदान, अशी तिची रचना आहे. भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांनी यात मोठे काम केले.

मुरमाड, हलक्या रानात हा गाळ सोने आहे. उन्हाळ्यात ट्रॉल्यांचे ढीग ठरावीक अंतराने टाकायचे, ते सारखे पांगवायचे आणि नांगरटीने खालच्या मातीत मिसळायचे. मग ओल जास्त दिवस टिकते. आधीच भारी काळी किंवा चोपण जमीन असेल तर तोच गाळ पाण्याचा निचरा अडवतो. म्हणून माती परीक्षणाशिवाय ट्रॉली मागवू नये. तलावातही मूळ तळापर्यंतच खणायचे असते. त्याखालचा घट्ट थर फुटला तर पाणी झिरपून जाते. भिंतीच्या पायथ्याजवळ तर यंत्र लावूच नये.

ही पद्धत छोट्या तलावांना शोभते. मोठ्या धरणांचे गणित वेगळे आहे. एक टीएमसी साठा मोकळा करायचा म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर गाळ काढायचा. दहा घनमीटरचा डंपर धरला तर २८ लाखांहून जास्त फेऱ्या होतात. इतकी माती ठेवायची कुठे? म्हणून मोठ्या धरणांच्या बाबतीत खरा उपाय पाणलोटात आहे. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, गवत आणि झाडे, आणि पहिल्या पुराचे गढूळ पाणी खालच्या दारांतून सोडण्याची सोय. धरणात आलेला गाळ काढण्यापेक्षा येणारा अडवणे स्वस्त पडते.

खाडी, मासे आणि विष

समुद्रातल्या उपशाची किंमत अनेकदा मच्छीमार मोजतो. तळ खरवडला की तिथले शिंपले, किडे आणि माशांची अंडी जातात, गढूळ पाणी दूरवर पसरते. गोव्यात झुआरीच्या मुखापाशी चिखलीच्या उपसागरात पातळ, पारदर्शक शिंपल्यांची वस्ती आहे. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हेच शिंपले बसवलेले असत. तिथे गाळाची उलथापालथ झाली तर पहिला घाव त्यांच्यावर बसतो. आता डहाणूजवळच्या वाढवण बंदरासाठी समुद्रात मोठा भराव घालायचा आहे आणि त्याची वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून आणायची आहे. तिथले मच्छीमार विचारत असलेले प्रश्न विकासाला विरोध म्हणून झटकून टाकणे चूक आहे. वाळू जिथून उचलली जाते, तिथेही कुणाची तरी जाळी असतात.

याउलट उपसा बंद पडला म्हणून अडचणीत आलेली कोळी बंदरेही आहेत. वेसाव्याच्या खाडीत गाळ साचल्याने बोटींना भरतीची वाट पाहावी लागते. कोकणातल्या खाड्यांत हातपाटी-डुबी पद्धतीने वाळू काढणारा माणूस बुडी मारून बादली भरतो, होडी भरते, खाडीची वाटही मोकळी राहते. त्याच खाडीत चोरून लावलेला सक्शन पंप एका रात्रीत काठ कापून नेतो. मच्छीमाराला दोन्ही सारखे कसे वाटतील?

कधी गाळ तिथेच राहू द्यावा की काढावा हाच पेच असतो. अमेरिकेत हडसन नदीत १९७७ पर्यंत कारखान्यांतून पीसीबी हे विषारी रसायन सोडले गेले आणि ते तळात बसले. ढवळले तर विष पसरेल, राहू दिले तर माशांतून माणसात येत राहील. अखेर २००९ ते २०१५ या काळात नियंत्रित ड्रेजिंग झाले आणि तो गाळ वाळवून रेल्वेने खास जागी नेऊन पुरला. आपल्या शहरी नाल्यांतला काळा गाळ शेतजमिनीवर किंवा खाडीकाठी टाकण्याआधी त्याची रासायनिक तपासणी झालीच पाहिजे.

गाळाकडे कचरा म्हणून न बघता साधन म्हणून बघणारेही देश आहेत. नेदरलँड्सने २०११ मध्ये हेग शहराच्या दक्षिणेला किनाऱ्यावर २ कोटी १५ लाख घनमीटर वाळूचा एकच मोठा ढीग टाकला. वारा, लाटा आणि प्रवाह ती वाळू वर्षानुवर्षे किनाऱ्यावर पसरवत आहेत. दरवेळी ड्रेजर आणायची गरज त्यामुळे कमी झाली. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानात नव्या खोदाईचा गाळ टाकण्यावर बंदी घातली. दोन्ही निर्णयांत गाळाचा शेवटचा मुक्काम आधी ठरला.

काय मागायचे?

ड्रेजिंगशिवाय बंदरे चालणार नाहीत, शहरे तगणार नाहीत, तलाव भरणार नाहीत. त्यामुळे उपशाला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. पण दरवर्षी तेवढाच गाळ, तेवढीच निविदा आणि तेवढाच पूर, हे चक्र आपण फार काळ सहन केले आहे. नागरिकांनी नगरसेवकाकडे, ग्रामसभेत आणि जनसुनावणीत पुढच्या चार गोष्टी हक्काने मागाव्यात. कामाआधीचे आणि कामानंतरचे तळाचे मोजमाप लोकांना बघायला खुले हवे. गाळ टाकण्याची जागा निविदेच्या आधी ठरलेली आणि जाहीर हवी. शहरी गाळाची विषतपासणी हवी. आणि उपशावर खर्च होणाऱ्या पैशाचा ठरलेला वाटा गाळ जिथून येतो त्या उतारांवर, सांडपाण्यावर आणि राडारोड्यावर खर्च व्हायला हवा. यातली चौथी मागणी सर्वांत अवघड आहे, कारण तिचा परिणाम दिसायला काही पावसाळे जावे लागतील. पण पुढच्या मेमध्ये पोकलेनचे काम कमी झालेले बघायचे असेल, तर सुरुवात तिच्यापासूनच केली पाहिजे.